चरबीत दबलेल्या लिंगाचं ऑपरेशन: रुग्णालयाचा अनुभव

वय ५४, किराणा दुकान, मधुमेह पंधरा वर्षांचा, वजन १३१ किलो. ओटीपोटाखालची चरबी वाढत गेली आणि लिंग तिच्यात पार गडप झालं. लघवी बसूनच करायची, तरी ती कातडीच्या घडीत साचायची आणि नंतर ठिबकत राहायची. खाज, जळजळ, वास. गल्ल्याखाली कायम एक जास्तीची पँट असायची. भाचीच्या लग्नात मी जेवणाच्या पंगतीलाही बसलो नाही.

आधी एका डॉक्टरांनी नुसती सुंता केली. त्याने उलटंच झालं. कातडी कमी पडली, व्रण आवळला आणि लिंग आणखी आत ओढलं गेलं. नंतर चौदा किलो वजन उतरवलं, तरी ते बाहेर आलं नाही. असं का, ते पुण्याच्या या रुग्णालयात कळलं. युरॉलॉजिस्टनी पडदा ओढून घेतला, नीट तपासलं आणि म्हणाले, "चरबी उतरेल हो, पण व्रणाचं कडं आपोआप सुटत नाही." त्या दिवशी बायको शेजारी बसून रडली. इतकी वर्षं आम्ही दोघं माझ्या आळसाला दोष देत होतो.

युरॉलॉजिस्ट आणि प्लास्टिक सर्जन दोघं मिळून ऑपरेशन करतात, म्हणूनच मी हे रुग्णालय निवडलं. तंबाखू सुटेपर्यंत आणि शुगर ताब्यात येईपर्यंत त्यांनी तारीख दिली नाही. तीन महिने गेले, पण ते बरोबरच होतं. ऑपरेशनमध्ये लिंगावरची चरबीची गादी कापून काढली, व्रण सोडवला आणि मांडीची पातळ कातडी लिंगावर लावली. वर स्पंजचं ड्रेसिंग बांधलं, लघवीला नळी. पाच दिवस अंथरुणातच. खरी आग झाली ती मांडीची, ऑपरेशनच्या जागेपेक्षा जास्त. पाचव्या दिवशी ड्रेसिंग सुटलं आणि ब्रदर म्हणाले, "काका, बघा, कातडी धरली." गुलाबी, ओलसर, सुजलेलं. पण दिसत होतं. किती वर्षांनी पाहिलं मी ते!

जांघेतले टाके दोन बोटं उसवले, तीन आठवडे रोज ड्रेसिंग लागलं. जाड माणसाला असं होऊ शकतं हे त्यांनी आधीच सांगितलं होतं, म्हणून तक्रार नाही. तक्रार आहे ती नाव नोंदवायच्या खिडकीची. रांगेत मागे दहा माणसं उभी असताना "काय त्रास आहे, मोठ्याने सांगा" असं विचारणं बरं नव्हे. एक कागद पुढे केला असता तरी चाललं असतं. विमावाल्यांनीही आधी "हे सौंदर्यासाठी" म्हणून क्लेम नाकारला. वारंवार होणारा जंतुसंसर्ग आणि लघवीचा त्रास डॉक्टरांनी पत्रात सविस्तर लिहिला, तेव्हा तो मंजूर झाला.

काढलेली कातडी तपासणीला पाठवली होती. लायकेन स्क्लेरोसस (कातडी पांढरी आणि कडक करणारा आजार) निघाला, कॅन्सर नाही. पण अशा कातडीत कॅन्सरचा धोका असतो, म्हणून दर सहा महिन्यांनी दाखवायला जातो. कुणी जाणार असाल तर सोबत मऊ सुती लुंग्या न्या, चार तरी. पायजम्याची नाडी नेमकी टाक्यांवर येते.