कासचं धुकं आणि पालचा भंडारा: मीटरिंग कोणतं, व्हाइट बॅलन्स कोणता?

पालच्या खंडोबाच्या यात्रेत मी पहिल्यांदा कॅमेरा घेऊन गेलो, तेव्हा भंडाऱ्याने माणसं, घोंगड्या, फेटे सगळं पिवळंधमक झालं होतं. घरी येऊन पाहिलं तर पिवळा रंग मरगळलेला, पांढऱ्या धोतरांवर निळसर झाक आणि फोटो एकंदर काळपट. मीटरिंग (उजेड मोजणं) आणि व्हाइट बॅलन्स (रंगांचा तोल), दोन्ही सेटिंगं ऑटोवर सोडली होती. ज्यांनी नुकता कॅमेरा घेतलाय आणि काय ठेवावं हे ठरत नाहीये, त्यांच्यासाठी हे लिहितोय.

आधी मीटरिंग. समोरून किती उजेड येतोय एवढंच कॅमेऱ्याला कळतं. वस्तू मुळात पांढरी आहे की काळी, हे कळत नाही. म्हणून तो सगळ्याला मधल्या करड्या रंगाकडे ओढतो. धुकं मळकट होतं, म्हैस राखाडी होते. कोणताही मोड लावा, ही खोड सुटत नाही. मोडने बदलते ती फक्त बघायची जागा. निकॉनचं मॅट्रिक्स किंवा कॅननचं इव्हॅल्युएटिव्ह अख्खी फ्रेम बघतं, स्पॉट फ्रेमचा जेमतेम दोन-चार टक्के तुकडा.

कासच्या फुलांच्या पठारावर सप्टेंबरात जाणार असाल तर मॅट्रिक्सच ठेवा आणि धुकं दाटलं की एक्स्पोजर कॉम्पेन्सेशन (कॅमेऱ्याने ठरवलेला उजेड हाताने कमी-जास्त करायचं सेटिंग) +०.७ ते +१ करा. तिथे स्पॉट लावलात तर ठिपका एकदा गेंदाच्या पांढऱ्या बोंडावर पडतो, एकदा ओल्या काळ्या कातळावर, आणि लागोपाठच्या दोन फोटोंत उजेड जुळत नाही. फुलं वाऱ्याने हलत असतात, त्यामुळे नेम धरून मोजणं तिथे जमतच नाही.

स्पॉटची खरी जागा मंगल कार्यालयात. नवरा-नवरीच्या मागे उघडी खिडकी किंवा झगझगीत पडदा असला की मॅट्रिक्स त्या उजेडाला भुलतं आणि चेहरे काळे पडतात. अशा वेळी स्पॉट गालावर धरा. आपल्याकडचा सावळा-गव्हाळ चेहरा मधल्या करड्याच्या बराच जवळ असतो, म्हणून कॉम्पेन्सेशनचा आकडा फारसा हलवावा लागत नाही. मात्र अंतरपाट धरलेला असताना ठिपका त्या पांढऱ्या कापडावर पडला तर नवरी अंधारात जाते. कॅननच्या बऱ्याच कॅमेऱ्यांत स्पॉट फ्रेमच्या मध्यालाच असतो, निकॉनमध्ये तो निवडलेल्या फोकस पॉइंटबरोबर सरकतो. आपला कुठला, ते घरीच बघून ठेवा. सेंटर-वेटेड (फ्रेमच्या मधल्या भागाला जास्त वजन देणारा मोड) वाईट नाही, पण वरचे दोन हाताशी असताना मला त्याची गरज पडलेली नाही.

व्हाइट बॅलन्समध्ये ऑटो एकच काम करू बघतो: फ्रेममधला जास्तीचा रंग कमी करणं. घरातल्या बल्बखाली ते बरं. पण पालला तो जास्तीचा रंग म्हणजेच भंडारा! तिथे 'डेलाइट' म्हणजे साधारण ५२०० केल्विन (उजेडाच्या रंगाचं माप) पक्कं करा, उजेडासाठी +०.७ द्या, पिवळा पिवळा राहतो, धोतर पांढरं राहतं. कासला ढगाळ हवेत 'क्लाउडी', सुमारे ६००० केल्विन. तेरड्याने फ्रेम गुलाबी झाली की ऑटो रंग हिरवट करू बघतो, तेही यामुळे टळतं. आकडा वाढवला की फोटो उबदार होतो, हे सुरुवातीला उलटं वाटतं. आकडा कॅमेऱ्याला समोरचा उजेड कसा आहे ते सांगतो आणि कॅमेरा त्याच्या उलट रंग मिसळतो.

कस्टम, म्हणजे स्वतः मोजून ठरवलेल्या, व्हाइट बॅलन्सचा खटाटोप कधी करावा? रंगावर पैसे ठरतात तिथे. सांगलीच्या हळदीला २०१८ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं. त्या हळदीचा फोटो गिऱ्हाइकाला पाठवायचा असेल तर ऑटोवर भरवसा ठेवू नका. करडं कार्ड हळदीच्याच जागी, त्याच उजेडात धरून फोटो घ्या आणि तो कस्टमला द्या. पांढरा रुमाल वापरू नका, नीळ घातलेलं कापड रंग पिवळ्याकडे झुकवतं. शेडमध्ये एका बाजूने ऊन आणि वर ट्यूब असेल तर आधी ट्यूब बंद करा, कारण दोन रंगांच्या उजेडाला एक आकडा पुरत नाही.

तुम्ही रॉ (कॅमेऱ्याची कच्ची फाइल) काढता की जेपेग (तयार फोटो), यावरही निवड बदलते. रॉमध्ये व्हाइट बॅलन्स नंतर निवांत बदलता येतो, पण जळून गेलेला पांढरा भाग परत येत नाही. तेव्हा सगळं लक्ष मीटरिंगवर आणि हिस्टोग्रामवर, म्हणजे उजेड-अंधाराच्या आलेखावर, द्या. संध्याकाळीच पाहुण्यांना जेपेग द्यायचे असतील तर व्हाइट बॅलन्स आधी पक्का करा, नाहीतर एकाच हळदीच्या कार्यक्रमातले वीस फोटो वीस छटांचे निघतात.

आणि निघताना कॉम्पेन्सेशन शून्यावर आणा. बहुतेक कॅमेरे ते बंद केल्यावरही लक्षात ठेवतात. कासचं +१ दुसऱ्या दिवशी अजिंक्यताऱ्यावरच्या उन्हात तसंच राहिलं तर आभाळ पांढरंफेक येतं.