रात्री पैसे लागले तर: सहाय्यता निधी की बचत गट?

आधी मुख्यमंत्री सहाय्यता निधीचा अर्ज भरू, की बायकोच्या गटातून उचल घेऊ? गेल्या वर्षभरात गावातल्या तिघांनी तरी मला हे विचारलं. दोन्हींच्या मागे मी एकाच आठवड्यात धावलो आहे, म्हणून विचारतात. प्रत्येकाला तोंडी सांगताना काहीतरी राहून जातं, म्हणून एकदा सविस्तर लिहितो. अनुभव माझ्या एका घराचा आहे, तुमचा वेगळा असू शकेल.

सुरुवातीला एक गोष्ट, कारण ती या दोन्हींच्या आधीची आहे. पेशंट गाडीत घालण्याआधी १५५३८८ वर फोन करून विचारा की आपल्याला जवळचं कोणतं हॉस्पिटल महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत आहे. रेशनकार्ड आणि आधार एवढ्यावर तिथे काम होतं, वर्षाला कुटुंबामागे ५ लाखांपर्यंतचं संरक्षण आहे, आणि पांढरं कार्ड असलेल्यांनाही आता त्यात घेतलं आहे. हॉस्पिटलात योजनेचा माणूस, आरोग्यमित्र, बसलेला असतो, त्याला गाठायचं. १०८ ची गाडी फुकट असते आणि तिच्यात डॉक्टर असतो. हे सगळं मला तेव्हाही थोडंफार माहीत होतं. पण वडील अंगणात विव्हळत पडलेले असताना माणूस फोन करून विचारत बसत नाही. समोर जी गाडी दिसेल तिच्यात घालतो आणि निघतो. मीही तेच केलं, आणि पुढचा सगळा खर्च त्या एका घाईतून आला.

६ एप्रिल २०२४, शनिवार. पऱ्हाट्या, म्हणजे कापसाची वाळलेली झाडं, उपटून झाल्या होत्या. बाबा भरलेल्या बंडीवर, म्हणजे बैलगाडीवर, बसून घरी येत होते. दारात बंडी वळताना तोल जाऊन खाली पडले, खुब्याचं हाड मोडलं. शेजाऱ्याची गाडी होती, यवतमाळला नेलं, आणि ओळखीच्या माणसाने सांगितलं त्या खाजगी दवाखान्यात भरती केलं. तो योजनेत नव्हता. हे कळलं तेव्हा बाबांना सलाईन लागलं होतं आणि ३०,००० रुपये ॲडव्हान्स भरायचा होता. दुसरीकडे हलवावं असं एकदा मनात आलं, पण त्या पायाने त्यांना पुन्हा गाडीत उचलून ठेवायची माझी हिंमत झाली नाही.

आता निधी. तिथे पैसा मिळतो, आणि तो परत करायचा नसतो. अडचणीतल्या घरासाठी ही लहान गोष्ट नाही, म्हणून तिची बाजू आधी नीट मांडतो. माझ्या मामेभावाच्या कॅन्सरच्या उपचारांना याच निधीतून ५०,००० मिळाले. त्याच्या उपचारांची तारीख महिनाभर आधी ठरली होती, सगळे कागद फाईलला लावलेले होते, आणि हॉस्पिटल निधीच्या यादीत होतं. त्याला एकदाही परत पाठवलं नाही. ठरवून करायच्या मोठ्या उपचारांना, म्हणजे हृदय, कॅन्सर, मेंदू, खुबा बदलणं अशांना, निधी खरंच उपयोगी आहे. मामेभावाच्या वेळी आम्हाला अर्ज मुंबईला पाठवावा लागला होता. आता जिल्हाधिकारी कार्यालयात कक्ष झाला आहे, त्यामुळे निदान समोरासमोर विचारता येतं.

अर्जासोबत काय लागतं ते बहुतेकांना माहीत असतं: हॉस्पिटलचं खर्चाचं अंदाजपत्रक, आणि हॉस्पिटल खाजगी असेल तर त्यावर जिल्हा शल्य चिकित्सकांचं प्रमाणपत्र, भरती असलेल्या पेशंटचा फोटो, आधार, रेशनकार्ड, आणि १ लाख ६० हजारांच्या आतला उत्पन्नाचा दाखला. मी अडलो तो या शेवटच्या कागदावर, आणि माझं मत तिथेच ठरलं.

माझ्याकडे दाखला होता. मुलीच्या शिष्यवृत्तीसाठी ऑगस्टमध्ये काढलेला, तहसीलची डिजिटल सही असलेला. रविवारी सकाळी दवाखान्याच्या जिन्यात बसून मी तो घडीतून काढला, तेव्हा खालच्या ओळीकडे लक्ष गेलं. ३१ मार्च २०२४ पर्यंत वैध. बाबा पडले ६ एप्रिलला. सहा दिवस. त्या सहा दिवसांत आमच्या घरात एक रुपया जास्तीचा आला नव्हता. कापूस मार्चमध्ये होता तितकाच एप्रिलमध्ये होता, वावर तेवढंच होतं. पण कागद मेला होता.

मग नवा काढायचा. त्यासाठी तलाठ्याचा उत्पन्नाचा अहवाल, तो घेऊन सेतूत अर्ज, आणि मग तहसीलमधून सही. रविवारी हे सगळं बंद. सोमवारी मी तलाठी कार्यालयात गेलो तर कुलूप, कारण लोकसभेची निवडणूक होती. आमच्याकडे २६ एप्रिलला मतदान होतं आणि तलाठी त्या कामावर होते. त्यांची चूक नव्हती, त्यांच्याकडे दोन गावांचा कारभार आणि वर हे काम. मंगळवारी गुढीपाडवा. बुधवारी ते भेटले, त्यांनी लगेच अहवाल लिहून दिला, चहाही पाजला. गुरुवारी ईदची सुट्टी. शुक्रवारी सेतूत अर्ज गेला. शनिवार-रविवार गेले. सोमवारी, १५ तारखेला, बाबांना डिस्चार्ज मिळाला. दाखला हातात आला १८ एप्रिलला.

निधीचा नियम असा की उपचार सुरू असतानाच अर्ज लागतो आणि पैसा थेट हॉस्पिटलच्या खात्यात जातो. बिल भरून घरी आल्यावर परतावा मिळत नाही. म्हणजे माझा ताजा, वैध, पुढच्या ३१ मार्चपर्यंत चालणारा दाखला त्या कामासाठी तीन दिवस उशिरा आला. नियमाला कारण असेल, पैसा मधल्या कोणाच्या हातात पडू नये म्हणून ते बरोबरही असेल. पण ज्याचं उत्पन्न मुळातच कमी आहे, त्याला ते कमी आहे हे दरवर्षी एप्रिलमध्ये नव्याने सिद्ध करावं लागतं. आणि एप्रिलमध्येच आमच्याकडे हात सर्वात रिकामा असतो. हंगाम संपलेला, रोजी कमी, आणि पुढच्या बी-बियाण्याची चिंता सुरू. हे मला आजही बोचतं.

आता गट.

आधी स्पष्ट करतो, मी कोणत्या गटाबद्दल बोलतोय. दर आठवड्याला मोटारसायकलवर एक पोरगा येतो, बायांना ओट्यावर बसवतो, हप्ता गोळा करतो आणि एखादी बाई नसेल तर तिच्या दारात बसून राहतो, तो मायक्रोफायनान्सचा गट. गावात त्यालाही गटच म्हणतात, म्हणून घोळ होतो. मी बोलतोय ते उमेद (सरकारचं ग्रामीण जीवनोन्नती अभियान) किंवा माविम (महिला आर्थिक विकास महामंडळ) यांच्या बचत गटाबद्दल, जिथे पैसा बायांचा स्वतःचा असतो, ठराव त्याच करतात आणि व्याजही त्यांच्याच गटात राहतं.

माझ्या बायकोच्या गटात ११ बाया आहेत, आठवड्याला ५० रुपये बचत, बैठक शनिवारी दुपारी. त्या दिवशीची बैठक होऊन गेली होती आणि जमलेली बचत व आलेले हप्ते मिळून ६,४५० रुपये पेटीत होते, कारण बँकेत भरायचे ते सोमवारी. आम्ही गाडीत बाबांना ठेवत होतो तोवर गटाच्या सचिव ताई पेटी घेऊनच आल्या. बायकोने म्हटलं, ठरावावर सह्या व्हायच्या आहेत. त्या म्हणाल्या, "सह्या मंग होत रायतीन. आदी बाबाले दवाखान्यात न्या." पैसे मोजून हातात दिले. रात्री साडेआठची वेळ होती. सगळ्यांच्या सह्या रविवारी घरोघर फिरून झाल्या, रजिस्टरमध्ये ठराव नीट लिहिला गेला. सोमवारी अध्यक्ष आणि सचिव दोघी बँकेत गेल्या आणि आणखी १५,००० काढून आणले. बुधवारी ग्रामसंघाने, म्हणजे गावातल्या सगळ्या गटांच्या संघाने, जोखीम प्रवणता निधीतून १०,००० दिले. हा निधी अशा अचानक आलेल्या अडचणींसाठीच असतो, आणि बऱ्याच घरांना तो आपल्या ग्रामसंघाकडे आहे हेच माहीत नसतं. गावातल्या गटांचं काम बघणाऱ्या सीआरपी ताईंना विचारा.

एकूण बिल ७८,००० झालं. गटाने आणि ग्रामसंघाने मिळून ३१,४५० दिले. बाकीचे, भाव वाढेल म्हणून घरात ठेवलेला पाच क्विंटल कापूस काढून आणि साळ्याकडून हातउसने घेऊन भागवले. म्हणजे गटाने सगळं निभावलं असं मी म्हणणार नाही. पण पहिल्या रात्री खिशात जे होते ते गटाचे होते. आईला दवाखान्याबाहेर जेवण, बाहेरून आणायची औषधं, गावाला दोन फेऱ्या, हे कोणत्याच योजनेत बसत नाही आणि ते सगळं रोख लागतं. योजनेच्या हॉस्पिटलात असतो तरी हा खर्च होताच.

गटाच्या उलट बाजू खऱ्या आहेत. ते कर्ज आहे, मदत नाही. आमच्या गटाचं व्याज शेकडा दोन रुपये महिना, म्हणजे वर्षाला चोवीस टक्के झाले. बँकेचं सोनेतारण यापेक्षा बरंच स्वस्त पडतं, घरात सोनं असेल आणि बँक उघडी असेल तर. ग्रामसंघाचा दर आमच्याकडे शेकडा एक रुपया होता. फेडायला आम्हाला तेरा महिने लागले आणि दोनदा हप्ता चुकला. चुकला की बैठकीत बायकोला ते सगळ्यांसमोर सांगावं लागे, आणि घरी येऊन ती दोन तास बोलत नसे. गटात घरातलं सगळं गावासमोर येतं, हे काही घरांना परवडत नाही. शिवाय उचल किती मिळणार ते बचतीवर असतं. गट कालपरवा सुरू झाला असेल तर पेटीत दोन हजारही नसतील. आणि घरात कोणी गटातच नसेल, तर हा रस्ता त्या रात्री उघडता येत नाही.

सावकाराचं एका ओळीत सांगतो, कारण गावात तो तिसरा पर्याय म्हणून बोलला जातो. परवानाधारक सावकाराला २०१४ च्या कायद्याने व्याजाची मर्यादा आहे. ज्याच्याकडे रात्री जावं लागतं तो परवानाधारक नसतो, आणि त्याचा दर शेकडा पाच ते दहा रुपये महिना ऐकला आहे. वावराचा कागद त्याच्याकडे ठेवू नका.

धर्मादाय रुग्णालयांचं मात्र लक्षात ठेवा. ट्रस्टच्या मोठ्या हॉस्पिटलांना १० टक्के खाटा निर्धन रुग्णांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत ठेवाव्या लागतात. जिवावरचं असेल तर अनामत रकमेसाठी पेशंटला अडवता येत नाही. तहसीलचा दाखला नसेल तर पिवळं रेशनकार्डही पुरावा म्हणून चालतं, म्हणून एप्रिलमध्ये हा रस्ता निधीपेक्षा मोकळा वाटतो. मी तो वापरलेला नाही, त्यामुळे यापुढे बोलत नाही.

आमच्या भागातल्या जुन्या लोकांना सेवाग्रामची पद्धत आठवते. तिथल्या कस्तुरबा रुग्णालयाने आजूबाजूच्या गावांसाठी विमा सुरू केला होता, आणि सुगी झाल्यावर लोक त्याची वर्गणी जवारीत द्यायचे. पैसा नसतो पण सुगीनंतर घरात जवारी असते, हे ज्याला कळलं त्याने ती पद्धत काढली. गटाच्या पेटीजवळ मला तेच दिसतं. पैसा केव्हा असतो आणि केव्हा नसतो, हे त्या अकरा बायांना तोंडपाठ आहे.

तर विचारणाऱ्यांना मी असं सांगतो. उपचार ठरवून करायचे असतील, खर्च लाखांत असेल आणि हाताशी पंधरा-वीस दिवस असतील, तर निधीचा अर्ज आधी करा, गटाला हात लावू नका. बाळंतपण असेल तर १०२ ला फोन करा आणि सरकारी दवाखान्यात जा, या दोन्हींची गरज बहुधा पडणार नाही. पण रात्र झाली असेल, माणूस विव्हळत असेल आणि हॉस्पिटल पैसे मागत असेल, तर मी तरी पुन्हा पहिला फोन गटाच्या सचिव ताईंना करीन. निधीचा अर्ज दुसऱ्या दिवशी त्याच्या जोडीने टाकायचा. दोन्ही एकाच वेळी चालतात, पैसा आला तर हॉस्पिटलच्या बिलातून वजा होतो आणि गटाचं ओझं तेवढं हलकं.

गावातल्या आणखी एकाने विचारलं, घरची बाई गटात नाही, आता घालू का? त्याची आई एकटी, वय जास्त, गुडघ्यांमुळे बैठकीला जाणं होत नाही. मी सांगितलं, सून जाऊ शकते. दोन आठवड्यांनी ती आमच्या बायकोच्या बैठकीला येऊन बसली. जागा नव्हती, म्हणून आता गल्लीतल्या दहा बाया मिळून नवा गट करतायत, बचत २० रुपयांपासून.

बाबा आता काठी घेऊन चालतात, बंडीवर चढत नाहीत. यंदा एप्रिलच्या पहिल्या आठवड्यातच मी तलाठ्यांकडे गेलो आणि नवा दाखला काढून आणला. त्याच्या दोन झेरॉक्स, रेशनकार्ड आणि सगळ्यांचे आधार एका पिशवीत घालून सचिव ताईंच्या घरी दिले. रात्री काही झालं तर पेटीसोबत ही पिशवीही आणा, असं त्यांना सांगून ठेवलं आहे.