रेट सिंड्रोम: नजरेनं बोलायला बोर्ड घ्यावा की यंत्र?

रेट सिंड्रोमचं निदान झालेल्या मुलीचे आईबाबा माझ्याकडे स्पीच थेरपीसाठी येतात, तेव्हा बसता बसताच विचारतात, "नजरेवर चालणारा कॉम्प्युटर घेऊ का?" प्रश्न रास्त आहे. वर्षा-दीड वर्षाची होईस्तोवर बऱ्यापैकी वाढणारी लेक शिकलेले शब्द विसरते, खेळणं धरायचं सोडते, हात सतत एकमेकांवर चोळत राहते. डोळे मात्र समोरच्याला धरून ठेवतात. ही अवस्था साधारण १० ते १५ हजार मुलींमागे एकीला असते. व्हिएन्नाचे आंद्रेआस रेट यांनी १९६६ मध्ये तिचं वर्णन केलं. एक्स गुणसूत्रावरच्या एमईसीपी-२ या जनुकातला बदल हे तिचं मुख्य कारण, हे १९९९ मध्ये ह्यूस्टनच्या हुदा झोगबी यांच्या प्रयोगशाळेनं दाखवलं.

या मुलींना फारसं काही समजत नाही, असं अनेक वर्षं मानलं गेलं. पण बुद्धीच्या नेहमीच्या चाचण्या ठोकळे रचायला, बोट दाखवायला, नाव सांगायला लावतात. ज्या मुलीचे हात आणि जीभ तिच्या ताब्यात नाहीत, तिला त्या चाचणीत शून्यच मिळणार. म्हणून यंत्र घ्यायचं की नाही, हे ठरवताना आधी एक गोष्ट स्वतःला विचारा: तिच्याशी रोज बोलायचंय, की तिला किती कळतं ते पाहायचंय? दोन्हींचं उत्तर एक नाही.

रोजच्या बोलण्यासाठी माझं मत बोर्डाच्या बाजूनं आहे. पारदर्शक अ‍ॅक्रिलिकचा तुकडा, त्याच्या कोपऱ्यांत वेल्क्रोनं लावलेली चित्रं, आणि पलीकडे तिच्या डोळ्यांच्या उंचीवर बसलेले तुम्ही. ती दूधभाताकडे बघते की पोळीकडे, हे आरपार दिसतं. वीज गेली तरी चालतो, अंगणातल्या उन्हात चालतो, दवाखान्याच्या रांगेत चालतो. सुरुवात दोन चित्रांनी करा आणि त्यात 'नको' लवकर आणा. नकार देता येणं ही या मुलींसाठी फार मोठी गोष्ट असते.

बोर्डाची कमजोरी म्हणजे तो वाचणारा माणूस. आईला लेकीच्या नजरेत आपल्याला हवं ते उत्तर दिसू शकतं, आणि त्यात आईचा दोष नाही. उपाय सोपा आहे. चित्रांच्या जागा बदलून तोच प्रश्न पुन्हा विचारा, आणि तिला काय विचारलंय हे माहीत नसलेल्या मावशीला किंवा काकाला नजर वाचायला सांगा. उत्तर तेच आलं, तर ते तिचं आहे.

दुसरी अडचण घाईची. रेटमध्ये हालचाल मनात येणं आणि प्रत्यक्ष घडणं यांत मोठं अंतर असतं, कधी दहा सेकंद, कधी त्याहून जास्त. "सांग ना, सांग ना" म्हणत राहिलं की ती आणखी अडकते. प्रश्न एकदा विचारायचा आणि गप्प बसायचं. घरातल्यांना हेच सगळ्यात जड जातं.

यंत्र अदृश्य इन्फ्रारेड प्रकाश डोळ्यावर टाकतं. बुबुळावरचं त्याचं प्रतिबिंब आणि बाहुलीची जागा कॅमेरा टिपतो, आणि नजर पडद्यावर कुठे आहे ते काढतो. एका चित्रावर ठरलेला वेळ नजर थांबली की आवाज येतो. तिच्या वयाच्या चुलतबहिणीच्या आवाजात मराठी वाक्यं भरून ठेवता येतात. शाळेत मागच्या बाकावरच्यालाही तिचं म्हणणं ऐकू जातं. बोर्डाला हे कधीच जमणार नाही, आणि वर्गात बसणाऱ्या मुलीसाठी मी यंत्राकडे झुकते ते याचमुळे.

पण यंत्राला बघणं आणि निवडणं यांतला फरक कळत नाही. ती नुसती न्याहाळत असली तरी ते बोलून टाकतं. थांबण्याचा वेळ वाढवला तर तिची नजर तेवढी टिकत नाही. खिडकीतलं ऊन, चष्म्यावरची चकाकी, तिरळेपणा, चेहऱ्यासमोर आलेले हात यांपैकी काहीही नजर हरवायला पुरेसं असतं. श्वास रोखून धरण्याचे किंवा फिटचे दिवस तर वेगळेच. त्या दिवशी यंत्र गप्प राहिलं, म्हणून मुलीला काही सांगायचं नव्हतं असं धरू नका.

समज तपासण्यात मात्र यंत्र सरस आहे. नजर कुठे आणि किती वेळ थांबली याची नोंद ते स्वतः ठेवतं, मधे कोणाचा अंदाज येत नाही. आधी दाखवलेलं चित्र नव्या चित्राशेजारी ठेवायचं. नव्याकडे जास्त वेळ बघितलं, तर जुनं लक्षात आहे. न्यूयॉर्कमध्ये अशा चाचण्या झाल्या. जुनं आणि नवं यांतला फरक रेट असलेल्या मुलींना कळत होता, पण बरोबरीच्या मुलींइतका पक्का नाही, आणि त्यांची नजर चित्रावर कमी ठिकाणी थांबत होती. म्हणजे आठवण आहे, लक्ष वळवणं अवघड आहे. मला हे फार मोलाचं वाटतं, कारण शिकवताना काय बदलायचं ते यातून कळतं: पानावर चित्रं कमी, मोठी आणि एकमेकांपासून लांब.

मधला मार्गही आहे. २०२४ पासून आयपॅडच्या पुढच्या कॅमेऱ्यावर नजरेनं चालवायची सोय आली आहे. मान स्थिर राहत असेल तर वापरून पाहायला बरी. आयआयटी मुंबईचं जेलो हे अ‍ॅप मराठी बोलतं, पण ते बोटानं चालवायचं आहे. त्यातल्या शब्दांची मांडणी बोर्डासाठी उपयोगी पडेल.

एक मात्र आग्रहानं सांगते: "बोर्ड नीट जमला की मग यंत्र" अशी अट लेकीवर घालू नका. पैसे भरण्याआधी विक्रेत्याकडून यंत्र काही दिवस घरी मागा. सकाळी, जेवणानंतर आणि दमलेल्या संध्याकाळी, तिन्ही वेळा लावून बघा. तो देत नसेल, तर दुसरा विक्रेता शोधा. तोवर अ‍ॅक्रिलिकचा तुकडा आजच कापून आणा.