व्हेक्टर की लिस्ट? सी++मध्ये दुहेरी लिंक्ड लिस्ट कधी घ्यावी

डेटा स्ट्रक्चर शिकताना एक वाक्य सगळ्यांच्या वहीत उतरतं: मधेच घालणं-काढणं जास्त असेल तर लिंक्ड लिस्ट, क्रमांकावरून गाठायचं असेल तर ॲरे. परीक्षेत त्याला गुण मिळतात. प्रत्यक्ष प्रोग्रॅममध्ये मात्र ते अर्धंच खरं ठरतं, आणि या अर्ध्या भागावर विसंबून घेतलेली लिस्ट पुढे त्रास देते. सी++च्या प्रमाणित लायब्ररीतला व्हेक्टर (वाढत जाणारा ॲरे) आणि लिस्ट (दुहेरी लिंक्ड लिस्ट) यांत कोणता घ्यावा असा प्रश्न पडला असेल, तर माझं मत आधीच सांगतो. सुरुवात व्हेक्टरने करा. लिस्ट घेण्याचं खरं कारण एकच आहे, आणि ते वहीतल्या वाक्यात नसतं.

मेमरीत दोघं कसे राहतात

व्हेक्टर म्हणजे चाळ. खोल्या ओळीने आणि क्रमांक सलग, त्यामुळे सतरावी खोली कुठे हे कुणाला विचारावं लागत नाही. लिस्ट म्हणजे शहरभर पांगलेले भाऊबंद. प्रत्येकाला फक्त आधीच्याचा आणि पुढच्याचा पत्ता ठाऊक. सतराव्याकडे पोचायचं तर आधीच्या सोळा घरी जाऊन पुढचा पत्ता घ्यावा लागतो.

हिशेब मांडून पाहा. ६४-बिट यंत्रावर साधा इंट ४ बाइटचा असतो. लिस्टच्या नोडमध्ये, म्हणजे तिच्या एका घरात, त्याच्यासोबत ८-८ बाइटचे दोन पॉइंटर (आधीच्याचा आणि पुढच्याचा पत्ता) येतात, ८च्या पटीत बसवण्यासाठी ४ बाइट रिकामे जातात, आणि नोड २४ बाइटचा होतो. लिनक्सवर जीलिबसी या सी लायब्ररीतला मेमरी देणारा मॅलॉक त्यासाठी ३२ बाइटचा तुकडा खर्ची घालतो. म्हणजे एका नोडच्या जागेत व्हेक्टरचे आठ इंट मावतात. व्हेक्टरही काही जागा राखून ठेवतो (जीसीसी कंपायलरमध्ये भरला की क्षमता दुप्पट होते), पण ती धरूनही फरक मोठाच राहतो.

जागेपेक्षा वेळेचा फटका मोठा. आजचे बहुतेक प्रोसेसर मेमरीतून एका वेळी ६४ बाइट उचलतात. व्हेक्टरमध्ये त्यात सोळा इंट येतात, आणि चाल सरळ दिसल्यावर प्रोसेसर पुढचेही आधीच मागवून ठेवतो. लिस्टमध्ये ते जमत नाही, कारण हातातला नोड आल्याशिवाय पुढचा पत्ताच कळत नाही. तो नोड कॅशमध्ये (प्रोसेसरजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) नसेल तर मुख्य मेमरीची वाट पाहण्यात शेकडो सूचनांचा वेळ निघून जातो, आणि हे प्रत्येक पावलावर होऊ शकतं.

मधे घालणं खरंच स्वस्त आहे का?

नोड जोडायला स्थिर वेळ लागतो, यादी कितीही मोठी असो, हे खरंच आहे. फक्त ती जागा आधी सापडायला हवी. क्रमवार यादीत नवा आकडा घालायचा तर लिस्टमध्ये पॉइंटरमागून पॉइंटर चालत जावं लागतं. लोअर बाउंडसारखा, यादी अर्धी-अर्धी करत जाणारा शोध लिस्टवर चालतो, तुलनाही कमी करतो, पण पावलं तेवढीच टाकतो. व्हेक्टरमध्ये जागा झटकन सापडते आणि मागचे घटक सरकवावे लागतात. हे सरकवणं ऐकायला भयंकर वाटतं, पण हजार इंट म्हणजे जेमतेम ४००० सलग बाइट. प्रोसेसरला याहून आवडीचं काम नाही.

सी++चे जनक बियार्ने स्ट्रूस्ट्रुप यांनी २०१२च्या गोइंगनेटिव्ह परिषदेत नेमकी हीच तुलना मांडली होती: यादृच्छिक आकडे क्रमवार जागी घालत जायचे, मग यादृच्छिक जागेवरचे काढत जायचे. काम अगदी लिस्टच्या सोयीचं वाटतं, तरी व्हेक्टर स्पष्टपणे पुढे राहिला. जोडण्यापेक्षा शोधण्यातच वेळ जात होता.

घटक फार मोठे असतील, सरकवणं खरोखर जड जात असेल, तर व्हेक्टरमध्ये घटकांऐवजी त्यांचे युनिक पॉइंटर (घटकाची एकट्याने मालकी घेणारे पॉइंटर) ठेवता येतात. तेवढ्यासाठी लिस्टकडे जायची गरज नाही.

मग लिस्ट कशासाठी?

पत्ता टिकण्यासाठी. व्हेक्टर भरला की सगळी चाळ मोठ्या इमारतीत हलते, आणि जुना पत्ता लिहून ठेवलेला प्रत्येक इटरेटर (घटकाची जागा दाखवणारी खूण), पॉइंटर, रेफरन्स निकामी होतो. लिस्टमध्ये कितीही घाला किंवा काढा, बाकीच्या घटकांचे इटरेटर तसेच राहतात. फक्त काढलेल्या घटकाचा जातो. मी एकदा व्हेक्टरमधल्या घटकाचा पॉइंटर दुसरीकडे जपून ठेवला होता. चाचणीत सगळं ठीक होतं, कारण तिथे क्षमता ओलांडलीच जात नव्हती. खरा डेटा आल्यावर प्रोग्रॅम भलतीच मूल्यं देऊ लागला आणि कारण सापडायला दोन दिवस गेले. तिथे पॉइंटरऐवजी क्रमांक ठेवला असता तरी भागलं असतं, कारण घटक फक्त शेवटी वाढत होते. घटक मधूनही जात असतील तर क्रमांकही फसतो.

अशा ठिकाणी लिस्ट शोभते, आणि त्याचं सर्वात चांगलं उदाहरण म्हणजे एलआरयू (लीस्ट रीसेंटली यूज्ड) कॅश, म्हणजे हाताशी ठेवलेला मर्यादित जागेचा साठा: सर्वांत जास्त काळ न वापरलेली नोंद आधी बाहेर काढायची. एका लिस्टमध्ये नोंदी वापराच्या क्रमाने, ताजी सर्वांत पुढे. शेजारी एक अनऑर्डर्ड मॅप (किल्लीवरून झटकन शोधता येणारा तक्ता), त्यात किल्लीसमोर त्या नोंदीचा लिस्टमधला इटरेटर. नोंद वापरली की मॅपमधून इटरेटर घ्यायचा आणि स्प्लाइस करून, म्हणजे नोड सोडवून दुसऱ्या जागी जोडून, ती पुढे आणायची. यात नवी मेमरी मागावी लागत नाही, कॉपी होत नाही. फक्त काही पॉइंटर बदलतात, आणि मॅपमधला इटरेटर तसाच चालतो. जागा संपली की शेवटची नोंद काढायची. नोंदीत किल्लीही साठवायला विसरू नका, नाहीतर मॅपमधून ती कशी पुसणार?

हेच व्हेक्टरवर केलं तर एक नोंद पुढे आणताना तिच्या आधीच्या सगळ्या सरकतात आणि मॅपमधल्या तेवढ्या जागा चुकीच्या होतात. एकेरी लिंक्ड लिस्टही पुरत नाही. नोड सोडवायचा तर त्याच्या आधीचा हवा, आणि तो शोधायला सुरुवातीपासून चालावं लागतं. दुहेरी पॉइंटरची किंमत इथे पुरेपूर वसूल होते.

म्हणून लिस्ट निवडण्याआधी स्वतःला एकच प्रश्न विचारा: काढायच्या किंवा हलवायच्या घटकाचा इटरेटर माझ्या हातात आधीपासून आहे का? असेल, तर लिस्टचा विचार जरूर करा. शोधावा लागणार असेल, तर व्हेक्टरच.

लिस्ट घेतलीच तर दोन गोष्टी ध्यानात ठेवा. नेहमीचं सॉर्ट तिच्यावर चालत नाही. तिचं स्वतःचं सॉर्ट आहे, आणि ते समान घटकांचा क्रम मोडत नाही. दुसरी गोष्ट साइझची, म्हणजे घटकांची संख्या सांगणाऱ्या फंक्शनची. सी++११पासून ते स्थिर वेळात मिळतं, पण जीसीसीमध्ये हा बदल २०१५मध्ये, पाचव्या आवृत्तीत आला. त्याआधी दर वेळी नोड मोजले जायचे. जुना कोड सांभाळत असाल तर रिकामी आहे का हे पाहायला एम्प्टी वापरा.

फक्त दोन टोकांना घालायचं-काढायचं असेल, म्हणजे साधी रांग हवी असेल, तर डेक घ्या. प्रमाणित क्यू आतून तोच वापरते.

दुसऱ्या भाषेत असाल तर

पायथनची लिस्ट नावालाच लिस्ट आहे, आतून ती ॲरे आहे. एलआरयूसाठी तिथे ऑर्डर्डडिक्ट आहे, आणि त्याच्या आत दुहेरी लिंक्ड लिस्ट आहे. जावाची लिंक्डलिस्ट दुहेरीच असली तरी नोड तुमच्या हाती देत नाही, त्यामुळे तिचा एकमेव मोठा फायदा बाहेरून मिळतच नाही. ती लिहिणारे जोशुआ ब्लॉक यांनीही २०१५मध्ये आपण ती कधी वापरत नसल्याचं जाहीरपणे लिहिलं होतं. तिथे रांगेसाठी ॲरेडेक आणि एलआरयूसाठी लिंक्डहॅशमॅप घ्या. सी शार्पमध्ये मात्र नोड हातात मिळतो, त्यामुळे वरचा प्रश्न तिथेही लागू पडतो.

मोजून बघायचं असेल तर

कंटेनरला कोडमध्ये एकाच ठिकाणी टोपणनाव द्या, म्हणजे अदलाबदल करून पाहणं सोपं जातं. मोजताना कंपायलरचं ऑप्टिमायझेशन चालू ठेवा आणि घटकांची संख्या खऱ्या कामाइतकी घ्या. एक फसवणूक टाळा: नव्या प्रोग्रॅममध्ये सलग भरलेल्या लिस्टचे नोड मेमरीत बहुधा शेजारी-शेजारीच पडतात, म्हणून ती चाचणीत बरीच वेगवान दिसते. आधी काही हजार वेळा घालणं-काढणं करून तिचे नोड विखरू द्या, आणि मग घड्याळ लावा.