बी१०के पॉट: आठ महिने पिळल्यावर

दादरला गाडी बदलून ग्रँट रोडला उतरलो आणि लॅमिंग्टन रोडवरून बी१०के पॉटचं (पॉट म्हणजे पोटेन्शियोमीटर, नॉब पिळून कमीजास्त करायचा रेझिस्टर) दहा नगांचं पाकीट आणलं, त्याला आठ महिने झाले. निमित्त बारावीतल्या भाचीचं. राहते आमच्याच नौपाड्यात.

घरी मोजले तर एकही नेमका १० किलोओहमचा नाही. एक तर ८.८च भरला. आधी चिडलो. पण असल्या मालात २० टक्के इकडेतिकडे चालतंच, आणि व्होल्टेज वाटायला त्यानं अडत नाही. आत कार्बनची पट्टी असते, नॉब पिळला की मधल्या पायाचा संपर्क तिच्यावरून सरकतो. पट्टीच्या दोन टोकांना ५ व्होल्ट दिले की मधल्या पायावर मिळतं ते पट्टीच्या प्रमाणात. पट्टी ८.८ची असो की १०ची, मधोमध २.५च.

हे बघून खूश झालेल्या भाचीनं मधल्या पायापासून ग्राउंडला १ किलोओहमचा रेझिस्टर लावला. मीटर धाडकन ०.७१वर! "मामा, तुझा पॉट गेला." गेला नव्हता. खालची अर्धी पट्टी ५ किलोओहमची, तिला समांतर १ किलोओहम आला. दोन्ही मिळून उरले ८३३ ओहम. वरचे ५ किलोओहम मात्र जागच्या जागी. त्याऐवजी १०० किलोओहम लावला तेव्हा २.४४ मिळाले. "कॉलेजातल्या तारेच्या पोटेन्शियोमीटरला असं नाही होत," ती म्हणाली. मग स्वतःच थबकली: तिथे गॅल्व्हानोमीटरचा काटा शून्यावर आणतात, म्हणजे तारेवर टेकवायच्या जॉकीतून करंट जातच नाही. पाकिटाचे पैसे माझ्या मते तिथेच वसूल झाले.

तक्रारी आहेतच. पाय ब्रेडबोर्डात (सोल्डर न करता जोडणी करायचा भोकांचा बोर्ड) धड बसत नाहीत. हात लागला की आर्डुइनोवरचे (प्रोग्रॅम करता येणारा छोटा बोर्ड, तो व्होल्टेज ० ते १०२३ अशा आकड्यांत वाचतो) आकडे कुठेही नाचतात. शेवटी वायरी सोल्डर केल्या. पावसाळ्यात दोघांना खरखर लागली, कॉन्टॅक्ट क्लीनरनं एकच सुधारला. स्पीकरच्या आवाजासाठी तर बी, म्हणजे पिळू तसा एकसारखा वाढणारा, घेऊच नका, सुरुवातीलाच आवाज अंगावर येतो. तिथे ए लागतो, सुरुवातीला हळूहळू वाढणारा.

एक मात्र मी मारला. खेळण्यातली मोटर थेट मधल्या पायावर लावली. हलेना, म्हणून टोकापर्यंत पिळत नेला. मोटरला लागतात शेकडो मिलिअँपिअर, आणि तेवढा करंट टोकाजवळच्या चिमूटभर कार्बनमधून गेला. मोटर जेमतेम फिरली, पॉटमधून धूर आला, आणि आतून बहिणीनं विचारलं, "काय जळतंय रे?" आता मोटर ट्रान्झिस्टरवर आहे, मोठा करंट तो सांभाळतो, आणि पॉट आर्डुइनोवर.