आईच्या जन्मदाखल्यावर सासरचं नाव: पोर्तुगीज पासपोर्टच्या नादात गेलेले ६,८८,५०० रुपये

आकडा वरच लिहिलाय, म्हणजे "नक्की किती गेले रे?" असं विचारायला कुणी फोन करू नये. सहा लाख अठ्ठ्याऐंशी हजार पाचशे. त्यातले २,४०,००० बायकोच्या पाटल्या आणि चेन गहाण ठेवून उचललेले, बाकी सोसायटीचं कर्ज आणि साठवलेले. पाटल्या अजून बँकेतच आहेत.

दुसरी गोष्टही आधीच सांगतो, कारण लाज लपवून लिहिण्यात अर्थ नाही. मी पतपेढीत कर्ज विभागात आहे. सतरा वर्षं. सातबाऱ्यावरच्या आणि आधारवरच्या नावात एका कान्याचा फरक असला तरी मी फाईल परत पाठवतो. माणसं रडतात, मी ऐकत नाही. असा मी. आणि मीच फसलो, तेही नावातच.

आमचं गाव सिंधुदुर्गात, गोव्याच्या हद्दीपासून अर्ध्या तासावर. आईचं माहेर डिचोली तालुक्यातलं. जन्म १९५६ चा, म्हणजे पोर्तुगीज राजवटीतला. इकडच्यांना पुढचं सांगायला नको. १९ डिसेंबर १९६१ च्या आधी गोवा, दमण, दीवमध्ये जन्मलेल्या माणसाला पोर्तुगाल आपला नागरिक मानतो, आणि तो धागा मुलांपर्यंत, नातवंडांपर्यंत येतो. आधी आईचा जन्म लिस्बनला नोंदवायचा, मग तिचं लग्न, मग माझा जन्म, मग माझ्या पोरांचा. साखळीच आहे, मधली कडी वगळता येत नाही. माझा मामेभाऊ याच रस्त्याने २०१६ साली स्विंडनला गेला. त्याने वकील गाठला, रीतसर कागद केले, आज त्याचं घर आहे तिथे. तेव्हा "असल्या भानगडीत पडलासच कशाला" म्हणणाऱ्यांनी जरा थांबावं. रस्ता खरा आहे. माणूस खोटा होता.

हा माणूस मला बायकोच्या नात्यातल्या एकाने सुचवला. गोव्यातल्या एका बाजारगावात पहिल्या मजल्यावर ऑफिस. भिंतीवर पोर्तुगालचा झेंडा, टेबलावर त्यांचा तो रंगीत कोंबडा, शिवाय "माझ्या हातून गेलेली कुटुंबं" म्हणून लावलेले विमानतळावरचे फोटो. फोटोतल्या एकाही माणसाचा नंबर मी मागितला नाही. तुम्ही मागा. आणि तो नंबर एजंटकडून घेऊ नका, आपल्या ओळखीतून काढा.

जानेवारी २०२३ मध्ये "फाईल ओपनिंग" म्हणून ५,००० दिले. त्याच महिन्यात आईची नोंद शोधून दाखला काढायला १,५०,००० आणि दोन्ही पोरांचे मिळून १,७०,०००. हे ३,२०,००० बँकेतून गेले, पण त्याच्या नावावर नाही. एका हार्डवेअर दुकानाच्या खात्यावर. "जीएसटीची भानगड नको, भावाचंच दुकान आहे." मी मान डोलावली. पतपेढीतला माणूस!

पोरांचं ऐका. आईची नोंद सापडलेली नाही, माझा अर्ज व्हायचाय, आणि हा साखळीच्या शेवटच्या कडीचे पैसे पहिल्याच महिन्यात घेतो. वर, अठरा वर्षांखालच्या मुलांच्या अर्जाला पोर्तुगाल सरकार फीच घेत नाही. मोठ्या माणसाला १७५ युरो, लहानाला काही नाही. हे मला दीड वर्षाने कळलं. एका पोराचे ८५,००० कसले, हे विचारायचं सुचलं नाही. मुलगी दहावीला होती, तिचं अकरावीचं ॲडमिशन करायचं की थांबायचं, घरात एवढाच विषय.

आता त्या दिवसाकडे येतो. ९ जून २०२३, शुक्रवार. हा दिवस मी रोज रात्री झोपताना आठवतो.

त्याआधी चार महिने तो मला एकाच गोष्टीने घाबरवत होता: आईचं नाव. लग्नात मुलीचं नाव बदलण्याची पद्धत आपल्याकडे होती. आईचं माहेरचं नाव वेगळं, सासरचं वेगळं. (दोन्ही इथे लिहीत नाही, तिला आवडणार नाही.) आधार, पॅन, रेशनकार्ड, माझा जन्मदाखला, सगळीकडे सासरचं. गोव्यातल्या जुन्या नोंदीत असणार माहेरचं. तो म्हणायचा, "दोन नावांची बाई म्हणजे लिस्बनला दोन बायका. कोर्टातून डिक्लरेशन आणावं लागेल, दोन वर्षं जातील." मी धास्तावलो होतो, कारण हे मला पटत होतं. मीही लोकांना हेच सांगतो.

त्या शुक्रवारी त्याने दाखला पुढे केला. पोर्तुगीजमध्ये, शिक्का, सही, बुक नंबर, पान नंबर, सगळं जिथल्या तिथे. आणि मुलीच्या नावाच्या रकान्यात आईचं नाव. सासरचं.

म्हणजे १९५६ साली डिचोली तालुक्यात जन्मलेल्या तान्ह्या मुलीला, तेवीस वर्षांनी तिचा नवरा जे नाव ठेवणार होता, ते नाव आधीच ठेवलेलं.

आणि मला काय वाटलं असेल? आनंद झाला! नाव जुळलं! कोर्ट वाचलं! मी त्याला म्हटलं, "तुम्ही देवासारखे भेटलात." हे वाक्य मी माझ्या तोंडाने बोललोय. तो म्हणाला, "टेन्शन घेव नाका, हांव आसां मरे."

घरी येऊन आईला दाखवला. तिला पोर्तुगीज येत नाही, पण नाव रोमनमध्ये असलं तरी स्वतःचं नाव ओळखतं माणूस. चष्मा लावून तिने दोनदा पाहिलं. म्हणाली, "अरे, ह्यां नाव माका तुझ्या बापाशीन लग्नात ठेवल्यान. जल्मताना कसां आसात?"

मी म्हटलं, "आई, तुला यातलं कळत नाही. गप्प बस."

सातवी शिकलेल्या बाईला पाच सेकंदांत दिसलं ते मला दिसलं नाही. मी स्वतःची बाजू मांडायचा प्रयत्न खूप केलाय. चार महिने एकाच भीतीखाली ठेवलं की माणूस त्या भीतीचं उत्तर तपासत नाही, नुसतं घट्ट धरतो. हे खरंही आहे. पण आईला गप्प बसवलं, त्याला हे कारण पुरत नाही.

पुढचं भराभर गेलं. अपोस्टिल (कागद परदेशात चालावा म्हणून लागणारा सरकारी शिक्का) आणि भाषांतर ४५,०००, रोख. "लिस्बनच्या वकिलाचे" २,२०,०००, रोख, दोन हप्त्यांत. "अर्जंट" म्हणून ६०,०००, रोख. पावती मागितली की व्हॉट्सॲपवर अंगठा. मूळ कागदही त्याच्याकडे: आईचा शाळा सोडल्याचा दाखला, १९७९ ची लग्नपत्रिका, आजोबांच्या काळातल्या पोर्तुगीज घरपट्टीच्या दोन पावत्या. मूळ कागद कुणालाही देऊ नका. झेरॉक्स द्या, मूळ समोर धरून दाखवा, परत खिशात घाला.

चवथीपर्यंत (गणपतीपर्यंत) पासपोर्ट म्हणाला होता. मग दिवाळी. मग शिगमो, म्हणजे शिमगा. मधे नोव्हेंबर २०२३ आणि मार्च २०२४ ला त्याने अर्जाच्या स्थितीचे दोन स्क्रीनशॉट पाठवले, हिरवे गोल पुढे सरकलेले. लिस्बनच्या नोंदणी कार्यालयाच्या साईटवर अर्जदाराला कोड टाकून स्थिती बघता येते. तो कोड आपला असतो. मी मागितला तर म्हणाला, वकिलाकडेच असतो, गोपनीय. कोड देत नसेल तर अर्ज केलेलाच नाही, इतकं सरळ धरा. बहिणीच्या मुलाने पुढे दोन्ही स्क्रीनशॉट शेजारी ठेवून दाखवले: चार महिन्यांचं अंतर, आणि दोन्हींत फोनची बॅटरी ४३ टक्के, वेळ ११:१२.

एप्रिल २०२४ मध्ये गोव्यातल्या पोर्तुगीज पासपोर्टवाल्यांच्या ओसीआयचा, म्हणजे परदेशी नागरिक झालेल्या भारतीयांना मिळणाऱ्या कार्डाचा, विषय पेपरात गाजला, भारतीय पासपोर्ट परत केल्याच्या (सरेंडर) सर्टिफिकेटऐवजी तो रद्द झाल्याचं (रिव्होकेशन) चालणार वगैरे. त्या बातमीचं कात्रण पाठवून त्याने तीन महिने काढले. वर आग्रह, "तुमचे भारतीय पासपोर्ट आधीच सरेंडर करून टाका, काम हलकं होईल." इथे मेहुण्याने मला अडवलं, त्याचे उपकार. भारतात दुहेरी नागरिकत्व नाही, दुसऱ्या देशाचं घेतलं की इथलं जातं, हे खरं. पण तिथलं हातात नसताना इथलं देऊन बसलो असतो तर काय झालं असतं, ते तुम्हीच बघा.

इंग्लंडचीही थाप होतीच. सुरुवातीला "थेट स्विंडन, मामेभावाकडे". पोर्तुगीज पासपोर्टवर इंग्लंडात मुक्काम-नोकरीची मुभा ३१ डिसेंबर २०२० ला संपली, आधीपासून राहणाऱ्यांनाही ३० जून २०२१ पर्यंत अर्ज करायचे होते. मामेभावानेच फोनवर हे सांगितलं. एजंटला विचारलं तर न डगमगता, "मग आयर्लंड!" आयर्लंड युरोपीय संघात आहे, ते चालतं, म्हणून मी पुन्हा गप्प. जुलै २०२४ मध्ये डब्लिनच्या तिकिटांचं टोकन म्हणून ३८,५०० घेतले. एकूण रोख ३,६८,५००, बँकेतून ३,२०,०००. करा बेरीज.

चवथीच्या आधी ऑफिसला कुलूप. कोंबडासुद्धा नेला होता.

ऑक्टोबरात मी स्वतः तालुक्याच्या नोंदणी कार्यालयात गेलो, जे काम पहिल्या दिवशी करायला हवं होतं. तिथल्या बाईंनी दाखला बघितला आणि म्हणाल्या, या वर्षीचं या गावचं बुक इतक्या पानांचं नाहीच. मग त्यांनीच खरं बुक काढलं. सप्टेंबर १९५६. आजोबांचं नाव, आईचं माहेरचं नाव, खाली आजोबांची मोडीतली सही. अर्धा तास लागला. नक्कल दोनशे रुपयांच्या आत. म्हणजे त्या माणसाने नोंद शोधलीच नव्हती. दोन नावं एकाच बाईची, हे लग्नाच्या पुराव्याने आणि प्रतिज्ञापत्राने मांडता येतं असं तिथल्या एका वकिलाने सांगितलं. कोर्टाची भीती त्याने धंद्यासाठीच पाळली होती.

आता पोलीस. इथे माझा तोल जातो, समजून घ्या.

आमच्या ठाण्यात गेलो. "गुन्हा गोव्यात घडला, तिकडे जा." गोव्यात गेलो. "पैसे तुमच्या महाराष्ट्रातल्या खात्यातून गेले, तिकडे द्या." मी म्हटलं, झिरो एफआयआर घ्या, १ जुलै २०२४ पासून नव्या नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७३ मध्येच आहे, हद्द कुठलीही असो. उत्तर: "कायदा आम्हाला शिकवू नका." तिसऱ्या फेरीला दुसरे साहेब. "करारनामा केलाय ना? मग दिवाणी मामला." करारनामा शंभराच्या स्टॅम्पपेपरवर होता, त्यानेच करून घेतलेला, आता कळतंय कशासाठी. चौथ्या फेरीला नवीनच अडचण: थोडे पैसे जुन्या कायद्याच्या काळात गेले, थोडे नव्या, मग फसवणुकीचं जुनं कलम ४२० लावायचं की नवं ३१८? हे मी ठरवायचं का? पाचव्या फेरीला एकाने खोटा दाखला उजेडात धरला आणि हळूच म्हणाला, "हा कागद तुमच्या आईच्या नावे आहे. चौकशी झाली तर आधी तुम्हालाच बसवतील." सत्तरीच्या घरातल्या आईला! तिने तर एकटीने तो कागद ओळखला होता. आणि सहाव्या फेरीला प्रवचन, "इथे काय कमी आहे, पोरांना परदेशी कशाला पाठवता?" साहेब, मी तक्रार द्यायला आलो होतो, सल्ला घ्यायला नाही.

परदेशी नोकऱ्यांच्या एजंटांवर देखरेख करणाऱ्या सरकारी कार्यालयात फोन केला. उत्तर: तो नोकरी देणारा एजंट नाही, कागदपत्रांचा सल्लागार आहे, म्हणून आमच्या कक्षेत येत नाही. पोर्तुगालच्या वकिलातीने सांगितलं, आमचा कुठल्याही एजंटशी संबंध नाही. त्यांचं बरोबरच आहे. १९३० वर, म्हणजे सायबर फसवणुकीच्या हेल्पलाईनवर, फोन केला तर दीड वर्षापूर्वीच्या पैशांचं आता काय थांबवणार, आणि रोखीचा तर विषयच नाही. ऑनलाईन गेले असतील तर त्याच तासाला १९३० लावा, दुसऱ्या दिवशी नाही. आणि तक्रार तोंडी देऊन येऊ नका. दोन प्रती, एकीवर शिक्का आणि आवक नंबर, नाहीतर तुम्ही गेलाच नव्हता.

मामेभाऊ म्हणतो, खरा दाखला मिळालाय तर रीतसर अर्ज कर. पण त्या माणसाने खोटा दाखला लिस्बनला खरंच पाठवला की नुसता मला दाखवला, हे कळायला मार्ग नाही. पाठवला असेल तर त्या कार्यालयात आईच्या नावाने एक खोटी फाईल बसली आहे. मुलगी आता बारावीला आहे. तिने विषय काढणं बंद केलंय.

फेब्रुवारी २०२५ मध्ये आमच्या ठाण्याने शेवटी अर्ज ठेवून घेतला. परवा फोन आला, एक कागद कमी आहे. आईचं माहेरचं नाव आणि सासरचं नाव एकाच बाईचं आहे याचा पुरावा हवा, लग्नपत्रिका चालेल, मूळ आणा.

मूळ पत्रिका त्याच्याच फायलीत आहे.