दाखवला एक, चढवला दुसरा: ऑफ-रोड टायर घेताना झालेली फसवणूक

लडाख, स्पिती किंवा जैसलमेरकडे स्वतःची गाडी घेऊन निघणार असाल आणि त्यासाठी नवे टायर टाकायचा विचार असेल, तर हे आधी वाचा. नागपुरातल्या एका दुकानाने आम्हाला चार नवे टायर म्हणून दोन नवे आणि दोन जुने विकले. जुन्यांपैकी एक तर कडेला, म्हणजे बाजूच्या भिंतीला, चिरलेला आणि आतून ठिगळ लावलेला निघाला. प्रकरण ग्राहक आयोगापुढे आहे, म्हणून दुकानाचं नाव लिहीत नाही. पण हे केलं कसं, ते सविस्तर सांगतो, कारण हीच युक्ती कुठल्याही शहरात, कुणाच्याही गाडीवर चालू शकते.

मावसभाऊ आणि मी महिंद्रा थार घेऊन लडाखमधल्या हानलेला जाणार होतो. नागपूरहून राष्ट्रीय महामार्ग ४४ धरला की थेट श्रीनगर, तिथून कारगिल आणि लेह. दोन हजार किलोमीटरहून जास्त डांबर आहे आणि तेवढ्यासाठी गाडीबरोबर आलेले टायर पुरेसे होते. खरा प्रश्न लेहच्या पुढचा, चांगथांग या उंच पठारावरच्या कच्च्या वाटांचा. वाळवंट म्हटलं की आपल्याला वाळू आठवते, पण हे वाळवंट दगडांचं आहे. भेगांत शिरलेलं पाणी रात्री गोठून फुगतं आणि खडक फोडतं. ते तुकडे वाहून नेऊन गोल करायला पुरेसा पाऊस तिथे पडत नाही, त्यामुळे त्यांची धार तशीच राहते. टायरच्या तळव्यात, म्हणजे रस्त्याला टेकणाऱ्या भागात, खिळा गेला तर पट्टी घालून वाटेतच काम भागतं. कड चिरली तर मात्र तो टायर संपला, आणि जवळचं टायरचं दुकान लेहला.

म्हणून आम्ही आधी पुष्कळ विचार केला होता. खोल नक्षीचे मड टायर नकोत, हे पक्कं होतं. त्यांच्या मोठ्या फटी चिखल बाहेर फेकायला असतात. खडकाळ वाटेवर त्या फटींत गोटे अडकतात आणि इतक्या लांबच्या डांबरावर असे टायर आवाज करतात, झिजतातही लवकर. वाळूत हवा बरीच कमी करून टायर पसरवता येतो. दगडांत तसं केलं तर कड बाहेर फुगते आणि नेमकी धारेवर येते, म्हणून कड मुळातच दणकट हवी. तेव्हा ऑल-टेरेन नक्षी, म्हणजे डांबर आणि कच्ची वाट दोन्हींवर चालणारी, पण एलटी (लाइट ट्रक) बांधणीची, असं ठरलं. थारच्या १६ इंची रिमला २४५/७५ आर १६ हे माप बसतं. याच मापाच्या साध्या टायरवर भार निर्देशांक १११ असतो, म्हणजे एका टायरला १०९० किलो. मापाच्या आधी एलटी असेल आणि लोड रेंज ई ही भाराची श्रेणी (तिलाच दहा प्लाय म्हणतात) असेल तर तो १२० असतो, म्हणजे १४०० किलो. असा टायर जड असतो, गाडी थोडी आदळते, मायलेजही उतरतं. नागपुरात फिरायला त्याची काही गरज नाही.

एक-दोन दुकानांत ‘दहा प्लाय आहे, आत दहा थर असतात’ असंही ऐकवलं. ते खरं नाही. दहा प्लाय ही ताकदीची श्रेणी आहे. प्रत्यक्षात किती थर आहेत ते बहुतेक टायरच्या कडेवर बारीक अक्षरांत लिहिलेलं असतं, तळव्याचे वेगळे आणि कडेचे वेगळे. ते वाचून घ्यावं.

ज्या दुकानात सौदा झाला, तिथे नमुन्याचा टायर समोर उभा करून ठेवला होता. नव्या टायरवर असतात ते बारीक रबरी केस जागेवर होते, कंपनीचं लेबल चिकटलेलं होतं. मी तारीख विचारली. दुकानदाराने स्वतः बोट ठेवून चार आकडे दाखवले: ११२४. पहिले दोन आकडे आठवड्याचे, पुढचे दोन वर्षाचे, म्हणजे २०२४ च्या मार्चमधला माल. चार टायरचे पाऊण लाखाच्या वर ठरले. ‘बिल नको असेल तर अजून कमी करतो’ म्हणाला. आम्ही बिलच मागितलं.

‘बाकीचा माल गोडाऊनमधून येतोय, तोवर आत बसा भाऊ, चहा घ्या,’ असं म्हणून त्याने आम्हाला एसीच्या केबिनमध्ये बसवलं. बाहेर मे महिन्याचं ऊन होतं, तेव्हा त्यात वावगं काही वाटण्यासारखं नव्हतं. आम्ही बाहेर आलो तेव्हा चारही टायर रिमवर चढून गाडीला लागलेले होते आणि वरून काळं पॉलिश मारून चमकवलेले होते. पांढऱ्या अक्षरांची बाजू आत गेलेली दिसली. मी विचारलं, तर उत्तर तयार होतं: ‘काळी बाजू बाहेर ठेवायची फॅशन आहे जी, सगळे तसंच करून घेतात.’

या एका वाक्यात सगळी मेख आहे. टायरवर डॉट (DOT) या इंग्रजी अक्षरांनी सुरू होणारा क्रमांक दोन्ही बाजूंना असतो, पण पुष्कळ टायरवर तारखेचे चार आकडे एकाच बाजूला असतात. आमच्या टायरवर ते पांढऱ्या अक्षरांच्या बाजूला होते. ती बाजू आत गेली की गाडी उचलल्याशिवाय वय दिसत नाही. दोन्ही जुने टायर मागे लावले होते, म्हणजे नवा आणि जुना शेजारी येऊन नजरेत भरायला नको. कंपनी तीच, नक्षी तीच, माप तेच. पॉलिशखाली फरक कळणार कसा?

निघण्याआधी पूर्ण सामान भरून गाडी एकदा चालवून पाहायची, हे आमचं ठरलेलं होतं. उमरेड रोडवर पाचगावच्या बाजूला दगडाच्या खाणी आहेत. तिकडच्या गिट्टीच्या कच्च्या वाटेवर गाडी नेली. परतताना मागच्या डाव्या चाकाची हवा उतरत असल्याचं लक्षात आलं. रस्त्यालगतच्या पंक्चरवाल्या काकांनी चाक काढलं, तळव्यावरून हात फिरवला. खिळा नाही, काच नाही. चाक पाण्यात बुडवलं तर बुडबुडे आतल्या कडेतून येत होते. त्यांनी टायर रिमवरून उतरवला, आत टॉर्च मारला आणि मला जवळ बोलावलं.

‘हे पाहा भाऊ. बाजूले चिरला होता हा टायर, आतून पॅच मारला हाय. नवा नाई हा.’

बोटाएवढ्या लांबीची चीर होती. आतून तळहाताएवढं रबरी ठिगळ, त्याची एक कड सुटलेली. बाहेरून चिरेत काळं रबर भरून वर पॉलिश मारलं होतं. फडक्याने पुसल्यावर चीर उघडी पडली आणि तिच्यापासून वीतभर अंतरावर आकडे दिसले: ३८१६. सप्टेंबर २०१६. मागचं दुसरं चाक काढलं, त्यावरही २०१६च. काकांनी नक्षीची खोली मोजली. पुढे १२ मिलिमीटर, मागे ९. कायद्याने १.६ मिलिमीटरपर्यंत चालतं, म्हणून ९ ऐकून कुणाला काही खटकणार नाही. पण इतक्या वर्षांचं रबर कडक झालेलं असतं, आणि नागपूरसारख्या उन्हात ठेवलं असेल तर आणखी लवकर. पाच वर्षांनंतर टायर दरवर्षी तपासून घ्या, असं टायर कंपन्याच सांगतात. ठिगळ लावलेल्या कडेचा टायर भरलेल्या गाडीखाली महामार्गावर फुटला असता तर आम्ही दोघं आणि शेजारून जाणारं कुणीही गेलं असतं. माझा राग पैशांपेक्षा याचा आहे.

दुकानदाराने आधी सगळंच नाकारलं. मग ‘टायर तुम्हीच कुठे तरी बदलले असतील’ असं म्हणाला. शेवटी बिलावरची ‘विकलेला माल परत घेतला जाणार नाही’ ही ओळ दाखवली. बिलावर फक्त ‘टायर ट्यूबलेस ४ नग’ एवढंच होतं. कंपनी नाही, माप नाही, क्रमांक नाही. ते मुद्दाम तसं होतं, हे आता कळतं. पण त्या छापील ओळीला घाबरू नका. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ नुसार सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापारी प्रथा आहे. मुदत बिलावर दिलेली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. आम्ही त्याच आठवड्यात लेखी मागणी दिली, १९१५ या राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनवर तक्रार नोंदवली आणि त्याने दाद दिली नाही तेव्हा जिल्हा आयोगात गेलो. ५ लाखांपर्यंतच्या व्यवहाराला तिथे शुल्क लागत नाही, तक्रारीला २ वर्षांची मुदत असते आणि तुम्ही जिथे राहता तिथल्या आयोगातही ती करता येते. दुकान परगावचं असलं तरी अडत नाही. काकांकडचे फोटो, व्हिडिओ आणि त्यांनी स्वतःच्या पावतीवर लिहून दिलेले दोन ओळींचे शेरे, हाच आमचा मुख्य पुरावा आहे. त्या माणसाचे उपकार विसरणार नाही.

नंतरचे दोन टायर दुसरीकडे घेतले. तिथे टायर रिमवर जायच्या आधी जमिनीवर ठेवायला लावले, दोन्ही कडांवरून आणि आतून हात फिरवला, प्रत्येकाचा पूर्ण डॉट क्रमांक बिलावर लिहून घेतला आणि चढवताना मावसभाऊ शेजारी उभा राहिला. त्याआधीच्या एका दुकानाने क्रमांक लिहायला नकार दिला होता. तिथून आम्ही सरळ बाहेर पडलो.

ज्यांनी टायर आधीच टाकून घेतले आहेत आणि तारीख बाहेरच्या बाजूला सापडत नाही, त्यांनी पुढच्या सर्व्हिसिंगला गाडी रॅम्पवर चढली की मोबाइलच्या टॉर्चने चारही चाकांची आतली बाजू पाहावी. स्टेपनीही सोडू नका. आकडे बिलाच्या तारखेशी जुळत नसतील तर फोटो काढा, टायर तिथेच उतरवून आतून पाहा, आणि खरेदीला महिना झालेला नसेल तर दुकानदाराला त्याच दिवशी लेखी कळवून पोच घ्या.